फोटोत आहे तसंच

१

रविवारी दुपारी मी कोसाडला बहिणीकडे जेवायला जातो आणि ताट वाढेपर्यंत भाच्याशी भांडतो. हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे.

भांडणाचा विषय गेल्या दिवाळीपासून एकच: नाणी. भाचा ललित हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडायचा. मंदीत कारखान्याने माणसं काढली, तेव्हा निवेदन घेऊन मालकाच्या केबिनमध्ये मीच शिरलो होतो. माणसं गेलीच. ललितकडे उरलं ते डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक बघायची सवय. त्यावर त्याने हा धंदा काढला. परदेशातल्या शेतांतून निघालेली, मातीने माखलेली जुनी रोमन नाणी ठोकात मागवायची, पाण्यात भिजत घालायची, दातकोरण्याने माती काढायची, खिडकीत ठेवून फोटो काढायचे आणि एकेक नाणं मोबाइलवरून शौकिनांना विकायचं.

"रोमन कशावरून?" मी विचारायचो.

"वजनावरून, मामा. धातूवरून. ही दाढी बघा ना."

"दाढीवरून? मग तुमच्या नाक्यावरचा चहावाला पण रोमन."

सुवर्णा, त्याची बायको, साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता हसायची. "मामा, त्याची उधारी पण रोमन काळापासूनची आहे."

"हसू नका. शंभर वर्षांवरची वस्तू विकायला परवाना लागतो. आणि यातली निम्मी नाणी कुठल्यातरी शेडमध्ये ॲसिडात जुनी केलेली असतात. मी पेपरात छापणार आहे हे."

"छापा ने मामा. जाहिरात तर होईल," ललित म्हणायचा. त्याच्या मराठीत इथली गुजराती अशी अधूनमधून बसलेली असायची.

त्या रविवारी मला काहीतरी दाखवायला त्याने फोन उचलला आणि अंगठा लावला. फोन उघडला नाही. अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा लावला, तरी नाही. फोन तोंडासमोर धरला, तरी नाही. शेवटी त्याने आकडे दाबले.

"हल्ली घेतच नाही," तो म्हणाला.

मला राग आला तो मशीनचा. हिरे घासणाऱ्यांचे, केमिकलात हात घालणाऱ्यांचे अंगठे झिजतात आणि रेशनच्या दुकानात त्यांना 'तुम्ही तुम्ही नाही' म्हणून परत पाठवतात. यावर मी लेखमाला लिहिली होती. तीच पुन्हा काढायची, असं ठरवून मी जेवायला बसलो. त्या दिवशी त्याहून वेगळं काही माझ्या मनात आलं नाही.

२

हात धुवायला गेलो तेव्हा देवघरात एक नवी वस्तू दिसली.

माझी बहीण भागीरथी. तिचा नवरा दगा तरुणपणी मागावरच विजेचा धक्का बसून गेला. आमच्या खानदेशात असा अकाली गेलेला माणूस घराबाहेर राहत नाही. त्याचा चांदीचा टाक करतात. पेराएवढा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती, आणि तो कुळदैवताच्या शेजारी बसवतात. त्याला पाणी, हळदकुंकू, नैवेद्य, सगळं देवासारखं. दगाचाही टाक होता. तापीच्या मोठ्या पुरात त्यांची नदीकाठची खोली चिखलाने भरली. बाकीचे देव सापडले, दगा सापडला नाही. दुसरा टाक ताईने करू दिला नाही. एकाच माणसाचं मरण दोनदा घडवायचं नसतं, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून देवघरात ती जागा रिकामी होती.

आता तिथे एक चांदीचं नाणं होतं. अगदी झिजलेलं. कडा वाकडी, अक्षरं गेलेली. एका बाजूला मानेचा उंचवटा आणि डोक्याचा आकार तेवढा कळत होता. नाक नाही, डोळा नाही. त्यावर ओलं कुंकू.

"हे काय, ललित?"

ललित कानकोंडा झाला. "मामा, तांब्याच्या ढिगात एकच चांदीचं निघालं. मी फोटो काढून विकायला पण टाकलं होतं. कपड्यावर सुकत होतं, आईच्या हाताला लागलं."

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनला ती भिते. ती पदर सावरत म्हणाली, "हाऊ ललितना बाप शे. दिसत नही माले, पन मन्हा बोटले समजस."

"ताई, हा कुठला कोण परका राजा. मेल्याला दीड-दोन हजार वर्षं झाली."

"तू पेपरवाला शे. तुले समदं खोटंच दिसस. बठ, जेव."

मी वाद घातला नाही. म्हाताऱ्या बाईला रिकामी जागा भरलेली वाटत असेल तर माझं काय जातं, असा मी विचार केला.

३

पुढच्या रविवारी नाण्याला नाक होतं.

मी देवघरासमोर उकिडवा बसून पाहिलं. नाकाचा शेंडा, भुवईचं हाड, खाली एक बारीक आवळलेलं तोंड. ताई रोज सकाळी चिंचेचा गोळा घेऊन सगळे टाक घासते. त्याचा आवाज स्वयंपाकघरात सवयीचा झालेला असतो, खस् खस्, ओला आणि सावकाश. मी मनाशी म्हणालो, चिंचेत आम्ल असतं, साचलेला मळ निघाला, खालचं चित्र वर आलं. चोख स्पष्टीकरण. बातमीत छापता येईल असं.

ललितला मात्र ते पटलं नाही. त्याने फोनमधला पहिला फोटो काढला आणि नाणं शेजारी धरलं.

"मामा, मळ काढला की वस्तू हलकी होते ने? मी आल्या दिवशी वजन केलं होतं. आज परत केलं. जड झालंय."

"काटा बिघडला असेल."

"हिऱ्याचा काटा आहे. केस टाकला तरी सांगतो."

त्याचं बोलणं मी ऐकत होतो, पण लक्ष दुसरीकडे होतं. त्याचा चष्मा पुन:पुन्हा घसरत होता. तो वर सारायचा, चष्मा खाली यायचा. त्याने काड्यांना मागून दोरा बांधला होता.

जेवण झाल्यावर सुवर्णा जिन्यापर्यंत सोडायला आली. तिच्या बोटांना टिकल्यांचा गोंद लागला होता आणि ती तो नखाने खरवडत होती.

"मामा, तुम्हाला दिसलं ना?"

"काय?"

"उगीच विचारू नका. दिसलं तुम्हाला." तिने मागे वळून दार लोटलं. "मास्क लावला तर कानावर टिकत नाही. नाकपुड्या बघा, भुवया बघा. बाजूच्या बेन परवा विचारत होत्या, पाहुणे कोण आलेत? मामा, माझा नवरा जातोय. आजारी नाही, ताप नाही, खातोपितो, आणि जातोय."

"केमिकल," मी म्हणालो. "हा पोरगा नाणी कशाकशात बुडवतो, देव जाणे. ऑनलाइन ॲसिड विकणाऱ्यांना मी सोडणार नाही."

"पाण्यात बुडवतो हो," ती म्हणाली. "नुसत्या पाण्यात."

४

सरकारी दवाखान्यात मी ललितला स्वतः घेऊन गेलो. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. ललितच्या चेहऱ्याकडे बघताना ते दर वेळी थोडे गोंधळायचे, नजर घसरून भिंतीवरच्या तक्त्यावर जायची. "स्किन थोडी स्मूद झालीय," एवढंच ते म्हणाले. मी त्यांच्याशी भांडलो. भांडताना बरं वाटलं.

त्याच आठवड्यात नाणं विकलं गेलं. पहिल्या दिवशीचा फोटो अजून विक्रीच्या यादीत होताच. नागपूरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने मागणी नोंदवली. ताई देवळात गेली असताना ललितने नाणं देवघरातून उचललं, डबीत घालून कुरियरने पाठवलं. मला त्याने नंतर सांगितलं. मी शाबासकी दिली.

ताईने जेवण टाकलं. रिकाम्या जागेवर रोज पाणी शिंपडायची. "बापले इकनं," एवढंच एकदा म्हणाली.

डबी परत आली. सोबत तक्रार: फोटोतली वस्तू आणि आलेली वस्तू वेगळी आहे.

मी त्या गृहस्थांना फोन लावला, चढ्या आवाजातच.

"साहेब, आवाज चढवू नका," ते शांतपणे म्हणाले. "माझा सगळा जन्म या छंदात गेला. मला झिजलेलं नाणं हवं होतं. दोन हजार वर्षं हातोहात फिरलेलं. तुमच्या भाच्याने पाठवलेलं काल टाकसाळीतून निघाल्यासारखं आहे. अशी बनवाबनवी करणाऱ्यांमुळे हा छंद मरतोय."

हेच वाक्य मी ललितला इतके महिने ऐकवत होतो.

डबी उघडली. केस आले होते, एकेक कुरळा वेगळा. कान आला होता, पाळीसकट. जाड मान, तिच्यावर एक वळी. दगाला मी चांगला ओळखत होतो, त्याच्या लग्नात घोड्यापुढे नाचलो होतो. हा दगा नव्हता. हा आमच्यातला कोणीच नव्हता. ताईच्या हातात नाणं दिलं तेव्हा तिने ते गालाला लावलं आणि जेवायला बसली.

ललित खिडकीपाशी उभा होता. नाणं घराबाहेर होतं त्या दिवसांतही ते थांबलं नव्हतं, आणि तोही थांबला नव्हता. उजेड त्याच्या गालावरून घरंगळत होता. मध्ये अडायला काही नव्हतं.

५

तक्रारीमुळे त्याचं विक्रीचं खातं बंद झालं. पुन्हा सुरू करायचं तर ओळख पटवून द्या, कॅमेऱ्यासमोर चेहरा आणि तक्रारीतली वस्तू दाखवा, असा निरोप आला. घरच्या फोनवर जमेना, म्हणून अमरोलीच्या एका ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याच्या दुकानात गेलो. दुपारचे बारा, बाहेर रिक्षांचा गोंगाट, आत पंखा आणि भिंतीवर अंबामातेचं कॅलेंडर. भ्यायला होणार नाही अशी जागा.

दुकानदाराने ललितला स्टुलावर बसवलं. "भाई, सीधू जुओ ने."

"सीधूच जोतोय," ललित म्हणाला. त्याचा आवाज अगदी त्याचाच होता. त्या दिवसांत तोच एक आधार होता.

पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र आलं. चेहरा सापडला की त्याभोवती हिरवी चौकट येते. चौकट आली. माझ्याभोवती. मी ललितच्या मागे उभा होतो.

"काका, तमे खसो."

मी बाजूला झालो. चौकट थोडी भिरभिरली आणि अंबामातेच्या चेहऱ्यावर जाऊन बसली. दुकानदार हसला. त्याने कॅलेंडर उलटं केलं. आता चित्रात फक्त ललित होता. चौकट आली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: चेहरा आढळला नाही.

"लाइट ओछी छे," दुकानदार म्हणाला आणि दिवा लावला. तो आता हसत नव्हता. माणसाकडे बघावं तसं तो ललितकडे बघतही नव्हता. "तक्रारवाळी वस्तू पण दाखवायची आहे ने? काढा."

ललितने खिशातून डबी काढून नाणं तळहातावर घेतलं, छातीपाशी.

चौकट तत्काळ आली. नाण्याभोवती, लहानशी, घट्ट. पडद्यावर बरोबरची खूण उमटली आणि संगणक टिंग करून वाजला.

"थई गयुं," दुकानदार पुटपुटला. त्याने पैसेही घेतले नाहीत. जा, असा हात केला.

मशिनं मूर्ख असतात. हे मी रस्ताभर ललितला सांगत राहिलो. त्याने रुमाल तोंडावर धरला होता. रिक्षातून उतरताना म्हणाला, "मामा, सकाळी दाढी करायला आरशासमोर बसलो. करायला काही नव्हतं."

६

मी ताईला सांगायला गेलो होतो, पण ते तिच्या बोटांनीच तिला सांगितलं.

सुवर्णाने रडून रडून तिला एवढंच म्हटलं होतं की ह्यांना नजर लागलीय. दृष्ट काढायला ताई नेहमीच तयार. तिने ललितला पुढ्यात बसवलं, मीठ-मोहरी ओवाळली, तव्यावर टाकली. ती तडतडली. मग शेवटी बोटं मोडायला, अलाबला घ्यायला, तिने दोन्ही तळवे त्याच्या चेहऱ्यावरून खाली आणले. जन्मापासून कितीदा केलं असेल.

तळवे हनुवटीपर्यंत आले. तिथून ते पुन्हा वर गेले. कपाळ, डोळ्यांच्या जागा, गाल. पुन्हा खाली.

"रुमाल काढ रे," ती म्हणाली.

"काढलाय, आई."

"तुन्हं तोंड कोठे गयं रे?"

ती तशीच बसून राहिली, हात त्याच्या गालांवर. मग उठली, चाचपडत देवघराशी गेली, नाणं उचललं आणि बोटाने त्याच्यावरून फिरवलं. नाक, कान, जाड मान. या वेळी तिला वेळ लागला.

"हाऊ ललितना बाप नही," ती म्हणाली. तिचा आवाज मी भाऊ असूनही ओळखला नसता. "सुकलाल, मी कोणले जेवू घातं रे?" आणि नाणं माझ्या हातात कोंबलं. "लई जा. मन्हा घरमा नको. माले मन्हा पोरगा पाहिजे."

मी ते नदीत टाकायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मला त्याचा कागदोपत्री, रीतसर शेवट हवा होता. दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या पत्त्यावर. मी खिडकीत कापड पसरलं आणि ललितच्या फोनवर स्वतः फोटो काढले. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. काहीही बदललं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. नाणं थांबलं होतं.

मला आनंद झाला. थांबलं म्हणजे सुटलो, असा मी अर्थ काढला. विक्रीचं खातं पुन्हा सुरू झालं होतंच; वर्णनही मीच लिहिलं, एक शब्द खोटा नाही. इंदूरच्या कोणीतरी घेतलं. आठवड्याने त्याचा अभिप्राय आला, पाच चांदण्यांसह: 'फोटोत आहे तसंच. अप्रतिम चेहरा. जणू बघतोय.'

ते परत आलं नाही.

७

सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी प्रेसमध्ये होतो.

"मामा, नाक येतंय!" ती हसत होती, रडत होती. "आत्याबाई रोज घासतात. चिंच लावून, हळद लावून, आंघोळ घालून. टाकाला करायच्या तसंच. म्हणतात, त्या नाण्यातल्याला मी माझ्या हातांनी वर आणला, मग माझ्या पोराला का नाही? आणि येतंय, मामा!"

मी पेढे घेऊन गेलो. भर दुपार होती. खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, जिन्यात कोणीतरी गुजरातीत भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. दार उघडंच होतं. आतून तो आवाज येत होता, खस् खस्, ओला आणि सावकाश.

ललित देवघरासमोर खुर्चीवर बसला होता, खिडकीकडे तोंड करून, मला एका बाजूने दिसेल असा. ताई त्याच्यासमोर उभी राहून गाल घासत होती. सुवर्णा भिंतीशी साडी घेऊन बसली होती, पण टिकल्या चिकटवत नव्हती. फोनवरचं हसू तिच्या तोंडावर नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"कोण, सुकलाल? ये, देख," ताई म्हणाली. "देख कसा आला ते."

खिडकीच्या उजेडावर चेहऱ्याची कड स्वच्छ दिसत होती. नाक आलं होतं, भुवईचं हाड आलं होतं. कान, पाळीसकट. केसांचा एकेक कुरळा वेगळा. ललितचे केस सरळ होते. मानेवर एक जाड वळी होती, आणि तोंड बारीक, आवळलेलं.

"ललित," मी म्हणालो. "इकडे बघ."

"बघतो ने, मामा," ललितच्या आवाजात उत्तर आलं.

तो वळला. खुर्ची करकरली. गुडघे माझ्याकडे आले, छाती माझ्याकडे आली, दोन्ही खांदे माझ्याकडे आले. चेहऱ्याची मात्र मला तीच एक बाजू दिसत राहिली, नाण्यावर दिसते तशी, आणि तिच्यावरचा तो एक डोळा.

"माले दिसत नही," ताई म्हणाली. "आनी ही पोर काही बोलत नही. तू सांग, सुकलाल. तू खोटं बोलत नही. मन्हा ललितच शे ना?"

माझा सगळा जन्म लोकांना नको असलेलं त्यांच्या तोंडावर सांगण्यात गेला. मंत्र्यांना, मालकांना, पोलिसांना. मी तोंड उघडलं. तो डोळा माझ्यावर होता.

"ललितच आहे, ताई," मी म्हणालो.

तिने समाधानाने मान हलवली, वाटीतून चिंचेचा नवा गोळा घेतला आणि दुसरा गाल घासायला हात पलीकडे नेला.

हात तिथे पोचला, आणि तिची बोटं थांबली.